गटाने थकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी सभागृहात विद्यार्थ्यांच्या बर्नआउटवर तीन मिनिटांचा ॲनिमेटेड व्हिडिओ दाखवायचा, तो विद्यार्थ्यांनीच गटाने करायचा आणि त्याचे अंतर्गत मूल्यमापनात पाच गुण धरायचे, असे ज्या कॉलेजात ठरते, तिथे नेमकी त्याच आठवड्यात जर्नल तपासणी, सेमिनार आणि परीक्षेचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख येते. याबद्दल कुरकुर करू नये. विषयाचा प्रत्यक्ष अनुभव घेऊनच मग त्यावर बोलावे, अशी सोय कॉलेजने फी न वाढवता करून दिलेली असते. नगर जिल्ह्यातल्या अशा समस्त गटांच्या हाताशी असावी म्हणून पुढील पद्धत देत आहोत.

गट सहा जणांचा असावा. काम दोघे करतात. उरलेले चौघे शेवटच्या पाटीवर नावे भरण्यासाठी लागतात, नाहीतर पाटी रिकामी दिसते. गट हजेरीपटाच्या क्रमाने पाडण्याचा रिवाज आहे, त्यामुळे एक अकोल्याचा, एक जामखेडची, एक श्रीगोंद्याचा आणि एक शेवगावहून रोज एसटीने ये-जा करणारी, अशी वाटणी आपोआप होते. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार, १४ तालुके. सहा जणांना एका जागी बसवणे हे इथे पाटबंधारे खात्याच्या कामाइतके लांबते.

पहिली बैठक रविवारी अकरा वाजता 'स्टँडवर' ठरवावी. नगरला माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातले पुणे बसस्थानक असे तीन स्टँड आहेत. तीन ठिकाणी दोन-दोन जण उभे राहून एकमेकांना 'कुठंय रे?' विचारत राहतात आणि साडेबाराला सर्वानुमते बैठक व्हॉट्सॲपवर घ्यायचे ठरते. गटाचे नाव 'बर्नआउट फायनल' ठेवावे. आठवड्याभरात 'बर्नआउट फायनल २' निघतो; त्यात पहिल्या गटातले सर नसतात. खरे काम तिथे होते. पहिल्या गटात फक्त 'हो सर' आणि जोडलेले हात पाठवायचे. नवरात्र जवळ आलेले असेल तर एक सभासद मोहटादेवीला पायी निघालेला असतो, त्याला काम सांगू नये. देवीचे काम चालू असताना माणसाचा फोन लागत नाही.

आता विषयाचा अभ्यास. व्हिडिओची पहिली पाटी व्याख्येची असते, आणि इथेच मोठा धोका आहे. बर्नआउट हा शब्द आजच्या अर्थाने रुजवला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ सालच्या एका लेखातून. न्यूयॉर्कच्या फुकट दवाखान्यात राबून राबून थकलेल्या स्वयंसेवकांविषयी तो लिहीत होता. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणे दिली: शक्ती आटणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. इथपर्यंत सारे ठीक. पण संघटनेने त्याबरोबर असेही म्हटले आहे की हा आजार नव्हे, नोकरी-व्यवसायाशी जोडलेली अवस्था आहे आणि आयुष्याच्या दुसऱ्या प्रांताला हा शब्द लावू नये. म्हणजे नियमाने पाहू जाता नोकरी लागेपर्यंत विद्यार्थ्याला बर्नआउट होऊ शकत नाही, आणि नोकरीचे काय ते आपल्याला ठाऊकच आहे. हे वाक्य सरांना दाखवू नये. विषय रद्द होईल आणि 'वेळेचे व्यवस्थापन' हा विषय मिळेल, तो याहून वाईट.

गटातल्या एखाद्या अभ्यासू मुलीला मराठी माणसाचे उदाहरण घ्यावेसे वाटेल. तिला अडवू नये, कारण ते खरेच मिळते आणि शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. आपल्याकडे ॲनिमेशनची सुरुवात मोजतात ती त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांपासून. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते ते थोडेथोडे टिपून एक छोटी फिल्म केली. ती दाखवून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे केले. १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवत 'आगकाड्यांची मौज' केली. पण आपल्या विषयाला लागू पडते ती त्याआधीची हकीकत. सिनेमाचा ध्यास घेतल्यावर ते रोज चित्रपट पाहत, रात्री त्यावर विचार आणि प्रयोग करत, झोप जेमतेम तीन तास. अखेर दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार करून, तीन-चार चष्मे देऊन ती परत आणली. फाळक्यांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. तेव्हा भारतीय ॲनिमेशनचा मूळपुरुष कामाला लागण्याआधीच अतिश्रमाने आडवा झाला होता, आणि तुम्ही त्याच परंपरेतले आहात, असे गटाला अभिमानाने सांगावे. फक्त फाळक्यांना कुणी ७५ टक्के हजेरी मागितली नव्हती.

हाताने चित्रे काढून करू, असे कुणी म्हणाले तर त्याच्यापुढे हिशेब ठेवावा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. एक चित्र दोन-दोन फ्रेम चालवले तरी सेकंदाला १२ चित्रे. तीन मिनिटांची २१६०. सहा जणांत प्रत्येकी ३६०. चौघे काम करत नाहीत हे धरले तर दोघांत प्रत्येकी १०८०. हा आकडा ऐकल्यावर सगळे तयार टेम्प्लेटवर येतात.

टेम्प्लेटमध्ये विद्यार्थी असतो, पण तो सोनेरी केसांचा असतो. त्याच्या टेबलावर वाफाळत्या कॉफीचा मोठा मग, खिडकीबाहेर बर्फ, आणि कॉलेजला जायला पिवळी बस. केस काळे करता येतात. कॉफी तशीच ठेवून निवेदनात चहा म्हणावे. बर्फाचे काही करता येत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये नगरच्या प्रेक्षकांना तो बघायला बरा वाटतो. पिवळ्या बसला लाल रंग मारून लालपरी करायचा एक प्रयत्न होतो, पण चाके, खिडक्या आणि ड्रायव्हर हे सगळेच लाल होतात, तेव्हा बस काढून टाकावी. मग मुलगा कॉलेजला पोचतो कसा, हे कुणी विचारत नाही. प्रत्यक्षातही कुणी विचारत नाही.

यानंतर मराठी अक्षरे. पडद्यावर 'विद्यार्थी' टाइप केले की पहिली वेलांटी 'व' ला सोडून 'द' च्या डोक्यावर जाऊन बसते, 'द्य' चा पाय मोडून खाली लोंबतो आणि रफार भलत्याच अक्षरावर उतरतो. रात्री दीड वाजता हा शब्द पाहणाऱ्याला बर्नआउटची तीनही लक्षणे एकदम जाणवतात. उपाय सोपा आहे: कागदावर सुवाच्य अक्षरात लिहावे, फोटो काढावा आणि तो चिकटवावा. फुकट आवृत्तीचा वॉटरमार्क मात्र बरोबर उदास मुलाच्या कपाळावर येतो. तो पुसायचे पैसे पडतात आणि गटाची वर्गणी चहात संपलेली असते.

निवेदन कोणी करावे? ज्याचा आवाज 'रेडिओवरच्यासारखा' आहे त्याने. तो रोज 'लय कंटाळा आला राव' म्हणतो, माइक समोर आला की 'आजच्या धकाधकीच्या युगात' असे सुरू करतो. हॉस्टेलच्या खोलीत पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. चौथ्या मिनिटाला तो घामाने भिजतो आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या खोलीत कुणाचा तरी वाढदिवस निघतो. पार्श्वभूमीतले 'बार बार दिन ये आये' मेहनत करून काढावे लागते. गावाचे नाव आले तर पाटीवर अहिल्यानगर लिहावे, तोंडाने सवयीप्रमाणे नगर निघाले तरी सभागृहात कुणी वळून पाहत नाही.

आता संहितेचा गाभा, म्हणजे कारणे. यात एकच पथ्य आहे: सगळी कारणे विद्यार्थ्यामध्ये सापडली पाहिजेत. मोबाइल, जागरण, वडापाव, इतरांशी तुलना, सकारात्मक विचारांचा अभाव. एवढ्यावर दोन मिनिटे सहज निघतात.

शेवगावच्या मुलीने जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर काढलेला प्रसंग या पथ्यात बसत नाही. तिने मुलगीच काढली नव्हती, नुसते घड्याळ काढले होते. पावणेपाच: पाणी भरणे. पावणेसहा: स्टँड. आठ: पहिला तास. पाच: परतीची गाडी, ती बहुधा उशिरा. साडेसात: घर, आणि चाळीतला कांदा निवडायला बसणे. साडेदहा: जर्नल. त्याखाली, अकरा वाजून दहा मिनिटे: 'बर्नआउट फायनल' वर ४७ न वाचलेले मेसेज. घड्याळाचा काटा दर वेळी थोडा जाड होत जातो, एवढेच ॲनिमेशन. सहा जणांनी मिळून केलेल्या सगळ्या कामात दम असलेली ती एवढीच एक गोष्ट होती. सरांनी ती पाहिली, थोडा वेळ गप्प राहिले आणि 'निगेटिव्ह वाटतंय' म्हणून काढायला सांगितली. सर तासिका तत्त्वावर आहेत, दोन कॉलेजांत शिकवतात, मधले अंतर मोटारसायकलने कापतात. त्यांच्या जीवनावरचा व्हिडिओ कोणत्या दिनी दाखवावा, हे अजून ठरलेले नाही.

काढलेल्या जागी उपाय घालावेत. सूर्य उगवतो, मुलगा अनुलोम-विलोम करतो, आई हसते, गुणपत्रिका येते. यात चूक काही नाही. प्राणायामाने बरे वाटतेच. फक्त पावणेपाच आणि पावणेसहाच्या मध्ये तो कुठे बसवायचा, ते संहितेत लिहू नये.

समुपदेशकाचाही एक प्रसंग हवा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असे त्यात आहे. ॲनिमेशनमध्ये त्याची खोली काढणे सोपे: दोन खुर्च्या, एक कुंडी. प्रत्यक्षातल्या खोलीचे चित्रीकरण करू म्हणाल तर आधी आतले क्रिकेटचे साहित्य आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हलवावे लागतील.

गटकार्याची प्रेरणा म्हणून जाणकार 'एक अनेक और एकता' दाखवायला सांगतात. विजया मुळ्यांची १९७४ ची ती सात मिनिटांची ॲनिमेशन फिल्म दूरदर्शनवर दोन पिढ्यांनी पाहिली. सगळे पक्षी एकदम जोर लावतात आणि जाळ्यासकट उडतात. आपल्या गटात दोनच पक्षी उडतात, चौघे जाळ्यात बसून 'झालं का?' विचारतात. तसेच, नागराज मंजुळे याच गावात न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत होते आणि त्या दिवसांतल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्टही गटात काढू नये. विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले दाखवले तर काय होते हे त्यावरून कळते आणि पुन्हा त्या घड्याळाचा विषय निघतो.

रेंडरिंग आदल्या रात्री लावावे. ते ९७ टक्क्यांवर पोचले की लाइट जाते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचे भाषण चाळीस मिनिटे चालते, प्रोजेक्टरला चित्र येते पण आवाज येत नाही, आणि पाच गुण सहाही जणांना सारखे मिळतात.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात खरी टाका. टेली-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ लाच सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. शेवटच्या पाटीवर सहा नावे आणि सरांचे आभार थोडे लहान टाइपात घ्या आणि हा क्रमांक मोठा करून दहा सेकंद तरी ठेवा. सभागृहात तो उतरवून घेणारा कुणीतरी असतो.