मास्तरांच्या सुनेचा धंदा

“काकू, तुळशीला पाणी घालताय की कोपऱ्यावरच्या गेटवर नजर ठेवताय?”

“दोन्ही गं. ते बघ, मास्तरांच्या दारात परत टेम्पो. मशीन चढवतेय. बीए बीएड झालेली सून, आणि धंदा काढला काय, तर लोकांचे संडास घासायचा!”

“संडास, सोफे, माळे, पाण्याच्या टाक्या, सगळंच. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू तुम्हीच वाहता ना?”

“ते वर्षातून एकदा. पण मला सांग, घरोघरी कामाला बाई असताना हिला बोलावतं कोण?”

“बाई रोजचा केर-फरशी करते. ती पंख्यापर्यंत चढत नाही, बोअरच्या पाण्यानं नळावर धरलेले क्षार घासत बसत नाही. गणपती-दिवाळीच्या आधी लोक तेवढ्यासाठीच माणूस शोधतात. शिवाय नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की फरशीवर रंगाचे ठिपके, सिमेंट. भाडेकरू गेला की त्याचं तेलकट स्वयंपाकघर.”

“सुचलं कुठून पण हे?”

“पुरातून. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा गावभागात तिच्या माहेरी घरभर चिखल. तो ओला असतानाच ओढून काढायचा, वाळला की खरवडता खरवडता जीव जातो, हे तिथं शिकली. 2021 ला परत पूर आला, तेव्हा ओळखीचे लोकच पैसे देऊन बोलवायला लागले.”

“आणि मशीन? मास्तर तर दमडी सोडायचे नाहीत.”

“मुद्रा लोन काढलं. शिशु गटात 50,000 पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. उद्यम नोंदणी आधार-पॅनवर घरबसल्या केली. ती फुकट असते, तरी एक एजंट हजार रुपये मागत होता. माणसं थोडी, म्हणून शॉप ॲक्टला नुसती ऑनलाइन सूचना दिली. जीएसटीचं बघायचं ते वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तर.”

“वीस लाख! काय सांगतेस?”

“अजून कुठलं हो! घरखर्चाला हातभार लागतो एवढंच.”

“पण तोरा केवढा! आमच्या भाचीनं फोनवर विचारलं, दोन बेडरूमचं घर, किती घेशील? तर म्हणे, बघितल्याशिवाय सांगत नाही.”

“बरोबरच आहे. समजा, फोनवर 1,500 सांगितले. दोघी बायकांची हजेरी 600 प्रमाणे 1,200, रिक्षा 150, लिक्विड, घासण्या, हातमोजे धरून 200. झाले 1,550. म्हणजे दिवसभर राबून पदरचे पन्नास द्यायचे. आणि ‘जाता जाता गॅलरी पण करून टाका’ हे असतंच. म्हणून ती आधी घर बघते, काय करणार नि काय नाही ते लिहून देते, निम्मे पैसे आधी घेते.”

“बाई गं! पण मशीनवाल्यांचा भरवसा नाही हो. माझ्या जावेकडं एकानं मार्बलवर ॲसिड ओतलं. चकाकी गेली ती गेलीच.”

“जाणारच. मार्बल, कोटा, शहाबादी, सगळे चुन्याच्या जातीचे दगड. ॲसिड पडलं की फेसाळतात, वरचा थरच खाल्ला जातो. ही तिथं साधा साबण वापरते. आणि ॲसिड नि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. काम करायचं तेही वरून खाली. आधी माळा, मग पंखा, फरशी शेवटी. संडासाचं फडकं लाल, ओट्याचं हिरवं, अदलाबदल केलेली चालत नाही.”

“शिकवलंय बाई चांगलं. पण वाड्यावाल्यांचं काम नाकारलं म्हणे तिनं. आलेली लक्ष्मी परतवायची, हा माज नाही तर काय?”

“सेप्टिक टँक साफ करायचा होता त्यांना. सुरक्षेच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. आतल्या वायूनं माणसं दगावतात. महापालिकेची सक्शनची गाडी बोलवा म्हणाली. वाईट दिसलं तर दिसू दे, पण तिच्या बायकांना ती असल्या कामाला लावत नाही.”

“आणि चोरीबिरी? कानातलं गेलं म्हटलं की संपलं.”

“म्हणून कपाटांना कुलूप, किल्ली घरमालकाकडे, आणि घरचं कुणीतरी हजर हवंच. कानातलं महिन्यानं गादीखाली सापडतं, पण तोवर कामवालीचं नाव गल्लीभर झालेलं असतं. काम झालं की बायकांची हजेरी त्याच संध्याकाळी हातात. त्यांना दुसरीकडून बोलावणं आलं तरी जात नाहीत.”

“थांब, थांब. हजेरी किती, ॲसिड कुठं, फडकं कुठलं... तुला गं एवढं सगळं कसं माहीत?”

“तिचा जमाखर्च मीच लिहिते ना, मार्चपासून. महिन्याचे ठरवून घेते.”

“अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? मी आपली काय काय बोलले!”

“त्याचं काही नाही. गल्लीत तुम्ही बोलता म्हणून तिची जाहिरात होते.”

“चेष्टा पुरे. आमच्या सोफ्यावर नातवानं पार रंगपंचमी केलीय. शेजारधर्म म्हणून काही कमी करेल का ती?”

“विचारते. पण उद्या सोफा बघायला येऊ दे आधी. आणि काकू, निम्मे पैसे काढून ठेवा.”