सही-शिक्क्याची उपनगरयात्रा

मुलुंडहून बोरिवलीला जाणारा शहाणा माणूस दादरला गाडी बदलतो. मी घाटकोपर, अंधेरी अशी तीर्थं करत पोचलो, कारण मला एक सही हवी होती.

2014 च्या डिसेंबरातला रविवार. भाचीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला मार्कशीटची 'खरी प्रत' जोडायची होती. झेरॉक्स खरी आहे हे झेरॉक्सवाल्याने सांगून तेव्हा भागत नसे. त्याला विशेष कार्यकारी अधिकारी लागायचा. पद मानद. पगार नाही, गाडी नाही, कचेरी नाही. सही ठोकायचा अधिकार तेवढा सरकारचा, पाटी ज्याची त्याने रंगवायची.

आमच्या मुलुंडच्या अधिकाऱ्यांच्या दारावर पितळी पाटी होती. वर नाव, मध्ये पद, खाली 'महाराष्ट्र शासन' आणि तळाशी बारीक अक्षरांत 'दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये'. दहाच वाजले होते, म्हणून वाजवली.

"हे गावी गेलेत," वहिनी म्हणाल्या. "शिक्का घरात आहे, पण सही त्यांच्याबरोबर गेली." घाटकोपरच्या त्यांच्या मित्राचा पत्ता मात्र त्यांनी दिला.

मेगाब्लॉकमुळे गाडीत विचार करायला वेळ होता, पाय ठेवायला जागा नव्हती. मानाची हौस जुनीच. स्कॉटलंडातल्या डनफर्मलीन गावाने 1877 साली आपल्या पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीला 'फ्रीडम ऑफ द बर्ग' दिलं. पुढे त्याने असे पन्नासावर मान गोळा केले. आपल्याकडे मुंबईचा कारभारच 1865 च्या कायद्याने 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींकडे होता. नगरपाल हेही मानाचंच पद: भाऊ दाजी लाड 1869 आणि 1871 मध्ये, दिलीपकुमार 1980 मध्ये, गावसकर 1994 मध्ये. मुलुंड-बोरिवली मुंबईत आली ती 1957 साली. तोवर मोठे मान वाटून झाले असावेत. आमच्या वाट्याला रबरी शिक्का आला.

घाटकोपरचे काका फाफडा-जिलेबीवर होते. दोन जिलेब्या झाल्यावर म्हणाले, "माझी मुदत ऑक्टोबरातच संपली."

"मग दारावर पाटी?"

"पाटीला कुठे मुदत असते?"

काकांनी अंधेरीच्या साहेबांकडे धाडलं. घाटकोपरहून जूनमध्ये सुरू झालेल्या मेट्रोचं कौतुक तेव्हा ताजं होतं. वर्सोव्यापर्यंत 12 स्टेशनं, 11.4 किलोमीटर. लोक घामाशिवाय अंधेरीला पोचत होते आणि पोचल्यावर थोडे बावरत होते.

अंधेरीच्या साहेबांची मुदत शाबूत होती, शिक्का ओला होता. त्यांनी मार्कशीट उजेडात धरली. "मराठीत 96? आमच्या वेळी 60 ला पेढे वाटायचे. प्रत खरी असेल हो, पण गुण पटत नाहीत." शिक्का परत डबीत गेला. बोरिवलीला अजून एक अधिकारी आहेत म्हणे, म्हणून मी तिकडची गाडी पकडली.

बोरिवलीच्या जुन्या इमारतीत पत्ता विचारावा लागला नाही; दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत एक निवृत्त आजोबा, पुढ्यात स्टुलावर शिक्का, निळं पॅड आणि शाईचं पेन. मूळ प्रतीवर डावं बोट, झेरॉक्सवर उजवं, अशी दोन्ही बोटं ओळीओळीने खाली सरकत. 96 पाशी ती थांबली. माझ्या पोटात गोळा आला.

"हुशार आहे पोर," आजोबा म्हणाले. शिक्का उठवला, सही केली, शाईवर फुंकर घातली. मी खिशात हात घालताच त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मानद म्हणजे काय, ठाऊक आहे ना? चाळीस वर्षं नोकरीत दुसऱ्यांच्या सहीसाठी ताटकळलो. आता माझ्या सहीसाठी माणसं येतात. चहा घेणार?"

घेतला. चहाबरोबर खारी होती.

2015 साली राज्य सरकारने बहुतेक कामांसाठी स्वसाक्षांकन लागू केलं. आता आपली झेरॉक्स खरी असल्याचं आपणच लिहून द्यायचं. म्हणजे सगळेच मानद अधिकारी झालो. पाटी नाही, एवढंच. तेव्हा सही करण्याआधी दोन्ही बोटं ओळीओळीने फिरवून बघत जा. चहा मात्र ज्याचा त्याने करून घ्यायचा आहे.