भुतालाही पुरावा लागतो

रहस्यकथेत भूत शिरले की विवेकवादी नाक मुरडतात. अशाने म्हणे अंधश्रद्धा बोकाळते. पण नारायण धारपांच्या भयकथांतले ‘समर्थ’ पाहा. गाठ अमानवी शक्तीशी असली, तरी ते आधी खुणा तपासतात, तिचे नियम ओळखतात, मगच उपाय योजतात. अद्भुताला नियमच नसतील, तर कोडे सुटल्याचा आनंद वाचकाला कुठला?

याउलट चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातले वणी खुर्द. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. तरी ऑगस्ट २०२१मध्ये तिथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. ना तपास, ना उलटतपासणी. गुन्हेगार पहिल्याच पानावर ठरलेला. असले हस्तलिखित रहस्यकथेचा कुठलाही संपादक साभार परत करील. तेव्हा भुताच्या रहस्यकथा रोखण्याऐवजी जिवती तालुक्यात वाटाव्यात. संशय आणि शिक्षा यांत निदान दोनशे पानांचे अंतर असते, एवढे तरी कळेल.