फीडबॅकची लिंक टाका हो सर!

कानावर हात ठेवा मंडळी, बातमीच तशी आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राध्यापकांना व्यसन लागलंय. खर्ऱ्याचं असतं तर दत्त चौकातल्या टपरीवाल्याला बोल लावून मोकळं होता आलं असतं. हे एफडीपीचं आहे. फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा कार्यक्रम. पुसद म्हणू नका, वणी म्हणू नका, उमरखेड-दारव्हा म्हणू नका, जो तो ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर’ शिकतोय. कोणी पाच दिवस, कोणी सात, आणि भारी तलफ असेल तर दोन आठवडे.

आणि शिकतात कसं, ऐका. एक सर म्हणे साळ्याच्या साखरपुड्यात पंगतीला बसून शिकत होते. एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानाशी आग्रह करणारे व्याही. कॅमेरा बंद, माइक म्यूट, पडद्यावर नाव मात्र ठळक: हजर! व्याख्यान संपायला दहा मिनिटं उरली की चॅटमध्ये एकाएकी जाग येते. ‘सर, फीडबॅकची लिंक टाका.’ ‘मॅडम, लिंक उघडत नाहीये.’ ‘सर, माझ्या नावात सुधारणा करावी.’ फॉर्म भरला की सगळे गायब. आभारप्रदर्शन ऐकायला उरतो तो फक्त आभार मानणारा.

तसं हे खूळ आजचं नाही, घराण्यात चालत आलंय. 1980च्या दशकाच्या अखेरीस यूजीसीनं अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. तेव्हाचे सर वळकटी बांधून एसटीनं अमरावती नाहीतर नागपूर गाठायचे, तीन-चार आठवडे वसतिगृहात काढायचे आणि ओएचपीच्या, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, पारदर्शिका लिहायला शिकून यायचे. परत येऊन बघतात तर कॉलेजचा ओएचपी कपाटात आणि कपाटाची किल्ली सुटीवर. मग संगणकाची एमएस-सीआयटी परीक्षा आली. ती वेतनवाढीला बांधल्यावर पन्नाशीकडे झुकलेली माणसं भाच्याच्या वयाच्या पोराकडून माउस धरायला शिकली. आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक सरांनी तर दहा हजार शिक्षकांना शिकवायचा घाट घातला. वक्ता पवईत, ऐकणारे देशभरच्या केंद्रांत, आणि प्रश्नही तिथून थेट विचारायचे. पुढे 2015 मध्ये स्टाफ कॉलेजाचं मनुष्यबळ विकास केंद्र झालं, 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. आता बरंचसं प्रशिक्षण घरबसल्या उरकतं. वळकटी गेली, वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पाही गेल्या.

खरा वणवा पेटला तो 2020 च्या टाळेबंदीत. ई-क्विझची अशी साथ आली की विचारू नका! चाळीस टक्के मिळाले की प्रमाणपत्र, नाही मिळाले तर त्याच प्रश्नांना पुन्हा भिडा. रसायनशास्त्राचे सर ग्रंथालयशास्त्रात पास, ग्रंथपाल योगशास्त्रात पास. सायबर सुरक्षेची क्विझ सोडवायला लोकांनी अनोळखी फॉर्मात आपला मोबाइल नंबर, ईमेल आणि जन्मतारीख भरली, आणि सावधगिरीचं प्रमाणपत्र मिळवलं! प्रमाणपत्रं आपोआप ईमेलनं पाठवणारी जोडणी आयोजक फॉर्मला लावत. साध्या जीमेलवरून त्या जोडणीतून दिवसाला शंभराच्या आसपासच प्रमाणपत्रं जात. शंभराच्या पुढचे उमेदवार मग आयोजकांना फोन करकरून भंडावून सोडत. दहावीचा निकाल लागतानाही एवढी धाकधूक नसते हो.

आता म्हणाल, सरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण चटक लावली कोणी? यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत डोकावा. वरच्या श्रेणीत जायचं तर ओरिएंटेशन हवं, रिफ्रेशर हवा, नाहीतर मूक (MOOC), म्हणजे सगळ्यांना खुला ऑनलाइन अभ्यासक्रम हवा. चार क्रेडिटांचा अख्खा मूक तयार केलात तर 20 गुण, ई-कंटेंटचा अख्खा अभ्यासक्रम केलात तर 12. आणि वर्गातल्या शिकवण्याचं मोजमाप? वाट्याला आलेल्या तासांपैकी 80 टक्के घेतलेत की ‘गुड’. त्या तासांत पोरांना काही कळलं का, याला रकाना नाही. मग माणूस रकान्याकडे बघणार की पोरांकडे? संसार सगळ्यांनाच आहे.

हळू बोला, पुढची भानगड नाजूक आहे. राष्ट्रीय वेबिनारच्या पत्रकावर प्राचार्यांचा फोटो असतो, संयोजकांचा असतो, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा तर असतोच असतो. पण मीटिंग लावणारा, स्क्रीन शेअर करून देणारा, अध्यक्षांचा माइक चार वेळा सुरू करून देणारा पोरगा कोण? तासिका तत्त्वावरचा. सीएचबीवाला. त्याला तंत्रज्ञान येतं, पण पदोन्नतीची शिडीच नाही, म्हणून प्रमाणपत्राचा उपयोग नाही. ज्यांना उपयोग आहे ते त्यालाच हाक मारतात, ‘अरे, जरा बघ ना, माझा आवाज जात नाहीये.’

आणि कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचं मूल्यांकन म्हटल्यावरची धांदल! स्मार्ट बोर्डावरचं प्लास्टिक निघतं. समोर पंधरा पोट्टे बसवतात, सर बोर्डाकडे बोट दाखवून उभे राहतात आणि जीपीएस कॅमेऱ्यानं फोटो निघतो. खाली नकाशा, तारीख, वेळ, अक्षांश 20.39, रेखांश 78.12. शिकवण्याचा पुरावा पक्का. बोर्ड सुरू होता का, हे मात्र अक्षांश-रेखांशावरून कळत नाही.

हल्ली नवी फॅशन एआयची. सर प्रश्नपत्रिका त्याच्याकडून काढून घेतात, पोट्टे असाइनमेंट त्याच्याकडूनच लिहून घेतात. यंत्रानं यंत्राला विचारलं, यंत्रानं उत्तर दिलं, सरांनी लाल शाईनं टिक केली. सगळे सुखी.

पण हे सगळं परवडलं, असा एक प्रकार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात घडला म्हणे. कॉलेजचं नाव घेत नाही, बाईमाणसाची बदनामी नको. प्राणिशास्त्राच्या एक मॅडम एफडीपीला बसल्या आणि चक्क कॅमेरा सुरू ठेवून बसल्या! वक्त्याला प्रश्नही विचारला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर लोकांनी पोटात घातलं असतं. पण शिकलेलं त्यांनी वर्गात वापरलं. बाप्पा, बाप्पा!

झालं असं की वर्गातली बरीच पोरं कपाशीवाल्यांच्या घरची. मॅडमनं चौघाचौघांचे गट पाडले, एका गटाला एक मोबाइल पुरे. शेतातल्या कामगंध सापळ्यात रोज गुलाबी बोंडअळीचे पतंग किती अडकले ते मोजायचं, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, शोधायच्या आणि त्याच नॅकवाल्या जीपीएस कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. आकडे सगळ्यांच्या सामाईक तक्त्यात भरायचे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली, हे पुस्तकात होतंच. पण प्रोजेक्टरवर गावागावाचे आकडे दिसले तेव्हा वर्गात भांडण जुंपलं. दोन शेतं बांधाला बांध लागून, मग एकात अकरा आणि एकात दोन कसे? फोटो मोठा करून बघितला. दोनवाल्या सापळ्यातली पतंगांना ओढणारी ल्यूर कधीची जुनी, बदललेलीच नव्हती. पतंग कमी नव्हते, सापळा आंधळा होता. हे मॅडमनं सांगितलं नाही, मागच्या बाकावरच्या पोरीनं शोधलं. संध्याकाळी दोन पोरांच्या बापांनी तो तक्ता मागून घेतला म्हणे.

आता सांगा, असं कुठे असतं का? आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची, बैठक बसली. ‘मॅडम, हे कोणत्या निकषात टाकायचं? किती तासांचं होतं? आयोजक कोण? प्रमाणपत्र?’ मॅडम म्हणाल्या, प्रमाणपत्र नाही, तक्ता आहे. बैठकीत शांतता पसरली. एक ज्येष्ठ सर मात्र कळवळून म्हणाले, ‘असं एकेकानं वर्गातच सुरू केलं तर एफडीपीला येणार कोण?’ शेवटी एकमतानं ठराव झाला: मॅडमना तंत्रज्ञानाच्या योग्य वापराची समज यावी म्हणून सात दिवसांच्या एफडीपीला तातडीनं पाठवावं.