शालू दिला, आता मोरीत

परीकथेच्या वळणाच्या प्रेमकादंबरीच्या मुखपृष्ठावर किटली, मांजर आणि पाठमोरा उमराव दिसला की पुढची कथा सांगावी लागत नाही. लग्न थोरामोठ्यांनी ठरवलेलं, नवरा घुम्या, वाडा गारठलेला. शेवटच्या प्रकरणात घुम्या हसतो. आमच्याकडचे घुमे पंचाहत्तरीलासुद्धा फोटोग्राफरने सांगितल्याशिवाय हसत नाहीत, पण ते असो. मला त्या वाड्यातल्या मोरीबद्दल बोलायचंय.

मोरी सकाळी रिकामी असते!

रात्री परीकुळातले बुटके येतात, भांडी घासतात, राख काढतात, फरशी पुसतात. नायिका त्यांच्यासाठी वाटीभर साय ठेवते आणि मग तिला नवऱ्याच्या डोळ्यांचा रंग बघायला सवड मिळते. मिळणारच. ओट्यावर खरकटं पडलेलं असताना कुणाच्या डोळ्यांचा रंग कुणाला दिसलाय?

हे बुटके या कादंबऱ्यांच्या लेखिकांनी शोधून काढलेले नाहीत. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लोककथांत ब्राउनी नावाचा असा घरगडी जुनाच आहे. मजुरी दूध नाहीतर साय. अट एकच, त्याला कपडे द्यायचे नाहीत. दिले की तो काम सोडून कायमचा जातो. 1812 साली छापलेल्या जर्मन परीकथांतही हेच. चांभाराकडे रात्री जोडे शिवणाऱ्या बुटक्यांना त्याच्या बायकोने इवलेसे सदरे शिवून दिले, ते घालून बुटके नाचत बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. (आपल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चपला वाहतात, पण त्या घालून तो गावची राखण करतो, गाव सोडत नाही. भांडी मात्र त्यानेही कुणाची घासल्याचं ऐकिवात नाही.)

आता ही कपड्यांची अट आपल्या लग्नघरात आणून बघा. व्याह्यांना शर्टपीस-पँटपीस, विहिणीला पैठणी, आत्याला तिला न आवडलेली साडी, जी पुढच्या लग्नात दुसऱ्या आत्याकडे जाते. एवढ्या कपड्यांत ब्राउनींची अख्खी वस्ती मोकळी झाली असती. आणि जिला सगळ्यांत भारी वस्त्र मिळतं तिचं काय होतं? ती मोरीत जाते. 'बाई, शालू पोचला, हिशेब चुकता, जा नाचत' असं तिला कुणी म्हणत नाही. सत्यनारायण आटोपतो, जावई-मेहुणे जमखान्यावर लवंडतात आणि शिऱ्याचं पातेलं हळद न उतरलेल्या हातांपुढे येतं. शिऱ्याचं पातेलं घासलंय कधी तुम्ही? तळाला धरलेला रवा काथ्यालाही दाद देत नाही. आणि साय? बुटक्याला ती आयती वाटीत मिळते. इथे साय साठवायची तिने, विरजायची तिने, घुसळायची तिने, कढवायची तिने. तूप नवऱ्याच्या वरणावर. तिच्या वाट्याला बेरी, तीही पोरांनी साखर घालून पळवली नाही तर!

थट्टा पुरे, आकडे ऐका. 2019च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97. ही 97 मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची, म्हणजे चौघांतल्या एखाद्याची. उरलेले तिघे सरासरीत धरलेलेच नाहीत. 2024 साली बाईची मिनिटं 289 झाली, म्हणजे 10 कमी. पुरुषाची 88 झाली, म्हणजे 9 कमी. बाईचं ओझं दहा मिनिटांनी उतरतं न उतरतं तोच हे गृहस्थ नऊ मिनिटं आधी उठून सोफ्यावर. लाज कशी वाटत नाही?

'मुलगी नोकरी करणारी हवी, पण घरचं सगळं बघणारी' असं बायोडेटात लिहिणाऱ्या मंडळींनी खरं तर सरळ ब्राउनीच बघावा. पत्रिका नाही, मानपान नाही, माहेर नाही. रात्री राबतो, दिवसा दिसत नाही. एवढंच की त्याच्या कामाला नावं ठेवलेली त्याला खपत नाहीत. ठेवली तर ब्राउनीचा बॉगर्ट होतो, मग तो भांडी फोडतो, दूध नासवतो, झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतो. तेव्हा भाजीत मीठ कमी लागलं तर गप गिळायचं.