झाडलोटीची पाळी

(रंगमंचावर जिन्याच्या चार पायऱ्या. प्रयोगकर्ता कोट-टाय अशा वेषात, एका हातात लांब दांड्याचा झाडू आणि दुसऱ्या हातात दोरी ओवलेली पुठ्ठ्याची पाटी घेऊन येतो.)

रसिकहो, जर्मनीच्या नैर्ऋत्येस, द्राक्षमळ्यांच्या उतारांनी वेढलेले श्टुटगार्ट हे नगर मर्सिडीज आणि पोर्शे या मोटारींमुळे जगाला ठाऊक असले, आणि १९६८ पासून आपल्या मुंबईचे भगिनीशहर म्हणून सरकारदप्तरी त्याची नोंद असली, तरी त्याचा खरा आत्मा मोटारीत नसून माझ्या हातातल्या या पाटीत वास करतो.

(पाटी गळ्यात घालतो.)

ही पाटी ज्याच्या दारावर लटकेल त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्यावरचा जिना, आणि पाळी मोठी असल्यास तळघराच्या पायऱ्या, प्रवेशद्वार व समोरचा पदपथसुद्धा झाडून लख्ख करावा, असा तिचा हुकूम. या प्रथेला तिकडे ‘केरवोखे’ म्हणतात, आणि तिचे मूळ सांगताना लोक थेट १४९२ सालच्या, एबरहार्ड नावाच्या दाढीवाल्या सरदाराच्या अमदानीतल्या नगर-नियमांपर्यंत जातात. म्हणजे कोलंबस आपला देश शोधता शोधता भलत्याच किनाऱ्याला लागला त्या साली ही मंडळी आपापल्या दारातला केर शोधत होती, आणि त्यांना तो हटकून सापडत होता!

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. जिना सर्वांचा, अर्थात कोणाचाच नव्हे, हा तिथला निर्विवाद सिद्धान्त; पायरीवरचे केळ्याचे साल टाकणाराच्या नव्हे, तर घसरणाराच्या खाती जमा होई. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाच्या श्टुटगार्टातल्या बिऱ्हाडाच्या दारी ही पाटी आली, आणि मी मोठ्या निर्धाराने खाली वाकून पाहतो तो काय, जिन्यावर केरच नाही! गलिच्छ जिना कसा झाडावा याचे नसले, तरी त्याकडे काणाडोळा कसा करावा याचे रीतसर शिक्षण मला मिळाले होते. पण स्वच्छ जिना झाडायचा कसा? तळमजल्यावरच्या आजीबाईंना मी अदबीने विचारले, “आजी, इथे केर तर दिसत नाही?”

(आजीबाईंचा आवाज, चष्म्यावरून पाहत) “गेल्या आठवड्यातही नव्हता. तरी त्यांनी झाडला.”

यावर अपील नाही! पुढे ध्यानात आले की केर काढणे हे त्या कार्याचे गौण अंग असून, शनिवारी सकाळी चारचौघांच्या देखत, बादलीची कडी वाजवत, झाडूचा दांडा कठड्यावर आपटत तो काढणे हे प्रधान अंग होय. रविवारी मात्र हा पुरुषार्थ चालत नाही. रविवारी दुकाने बंद, भिंतीत खिळा ठोकणे वर्ज्य, रिकामी बाटली काचेच्या पिंपात टाकणेही निषिद्ध, कारण ती खळ्ळकन वाजते. शांततेचा एवढा कडक बंदोबस्त आमच्याकडे दहावीच्या परीक्षेलाही नसतो.

आणि अशात आमच्या मातोश्री आल्या. दारावरची पाटी पाहून प्रथम त्यांना वाटले, जप्ती आली. खुलासा झाल्यावर त्यांनी पदर खोचला, जिना असा झाडला की आजीबाई दार किलकिले करून बघत राहिल्या, आणि त्या निर्मळ फरशीवर, मुंबईहून आणलेल्या पुडीतून चिमूट चिमूट सोडत, ठिपक्यांची रांगोळी काढली.

(दीर्घ विराम.)

तासाभरात सारा मजला पंचनाम्याला हजर! ही पांढरी भुकटी अलंकार समजावी की केर? अलंकार असल्यास तो झाडावा काय, आणि केर असल्यास तो करणारा पाळीवालाच निघाला, त्याचे काय करावे? पाचशे वर्षांत असा मुकदमा त्या जिन्यावर उभा राहिला नव्हता. अखेर आजीबाईंनी निवाडा दिला: “सुंदर आहे. शनिवारपर्यंत राहू द्या.” शनिवारी मातोश्रींनी रांगोळी स्वहस्ते पुसली आणि लगेच दुसरी काढली, त्याविषयी निवाड्यात तरतूद नव्हती.

(पाटी गळ्यातून काढून पायरीवर ठेवतो.)

तेव्हा मंडळी, एक नम्र विनंती. मध्यंतरात ज्या सद्गृहस्थांनी बटाटेवड्याचा कागद खुर्चीखाली हळूच सारला, त्यांनी जाताना ही पाटी घेऊन जावी. झाडू विंगेत आहे.