पत्रा कंपनीचाच पाहिजे

आमच्या दुबलगुंडीत कुठलीच वस्तू कोणी टाकून देत नाही. जुन्या गाडीचा भाग मिळत नाही त्याचं खरं कारण हे आहे. 'दुर्मीळ' वगैरे शब्द शहरातल्या लोकांनी भाव वाढवायला काढलेत. इकडे लोखंडाला मरण नाही, ते फक्त नोकरी बदलतं. डिझेलच्या बॅरलचं पाण्याचं पिंप होतं, ट्रकच्या पाट्याचा कोयता होतो, आणि फियाटच्या मडगार्डचं काय काय होतं ते पाहत मी सध्या हुमनाबाद तालुका पालथा घालतोय.

गाडी आजोबांची. 1967 ची फियाट अकराशे, 'डिलाइट'. आजोबा गेल्यावर ती तुरीच्या गोदामात गेली आणि तिथे तिच्यावर कडबा, पोती, खताचे डबे आणि तीन भावांची मालकी एवढं सगळं साचलं. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीकडचा तुकडा धाकट्या काकांना गेला, मला फियाट आली. काका अजून माझ्याशी फार प्रेमाने वागतात.

या गाडीच्या घराण्याची नावं मोठी मजेशीर. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. सुरुवातीची गोलमटोल पाठीची. तिला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' करून टाकलं. तिची पुढची दारं उलटी उघडत, त्यामुळे उतरताना लुगडं सावरावं की दार, हा बायकांपुढे प्रश्न असे. 1964 ला 'डिलाइट' आली. मग फियाटशी असलेला करार संपला आणि 1973 ला तीच गाडी 'प्रेसिडेंट' झाली, वर्षभरात 'पद्मिनी'. डुक्कर ते चितोडची राणी एवढी बढती वीसेक वर्षांत दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आतलं इंजिन मात्र तेच, 1089 सीसी. त्याचं सामान अजून निघतं कुठून कुठून. अडतो तो पत्रा.

पत्र्याचं दुखणं वरवरचं असेल असं मला आधी वाटत होतं. ट्रकला किंवा जीपला चासी वेगळी असते, वरचं डबडं कुजलं तरी खालचा सांगाडा उभा राहतो. फियाटला तसं नाही. बॉडी तीच चासी. दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा गंजला की गाडीचं हाडच गेलं. गोदामात उंदरांनी सीटमध्ये चार पिढ्या काढल्या त्याचं काही वाटलं नाही. पण मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक डाव्या मडगार्डला सहज टेकवलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं, तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

हुमनाबादचे मेस्त्री म्हणजे साधे लोक नव्हेत. पुणे-हैदराबाद रस्त्यावर जे काही आदळतं, उलटतं, चेंबतं ते आमच्याच दारात येतं. त्यामुळे ट्रकची अख्खी केबिन डोळ्यांदेखत सरळ करणारे हात इथे आहेत. आमचे मेस्त्री म्हणाले, "असली पत्रा कायको ढूंढ रैं साब? मैं ठोकके देतौं ना." आणि त्यांनी खरोखर वीस गेजच्या पत्र्यातून एक मडगार्ड ठोकून दिला. फार मजबूत. फक्त फियाटला लावल्यावर फियाट डावीकडून ट्रकसारखी दिसू लागली.

"कंपनीचाच पाहिजे," मी म्हणालो.

"कंपनी कां है अब?" मेस्त्री म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

माझ्या हट्टामागे सरकारसुद्धा आहे हे मी घरी वारंवार सांगतो. 2021 साली केंद्राने जुन्या गाड्यांचा नियम काढला. पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज', नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. अट एकच: गाडी मूळ रूपात हवी, चासीत, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार नको. हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढचं कलम वाचायला नको होतं. अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

"अहो, म्हणजे एवढे पैसे घालून बाजारातून भाजीसुद्धा आणायची नाही?" बायको म्हणाली.

"पेट्रोल भरायला जाता येतं," मी म्हणालो. आजोबांच्या वेळीही तिचा निम्मा प्रवास त्यासाठीच व्हायचा.

तर शोध. सिकंदराबादच्या राणीगंजला गेलो, तिथे दुकानदाराने 'डिलाइट' ऐकून आत जाऊन आपल्या वडिलांना बाहेर आणलं; वडिलांनी माझा हात हातात घेतला, चहा पाजला, आणि नाही म्हणून सांगितलं. बेंगळूरच्या जे.सी. रोडला चहा मिळाला नाही, बाकी तेच. मेरठच्या सोतीगंजात काहीही मिळतं असं ऐकलं होतं, पण तिथला माल बहुतेक चोरीच्या गाड्यांचा निघाल्याने तो बाजार पोलिसांनी 2021 च्या डिसेंबरात बंद पाडला. मुंबईचा मावसभाऊ म्हणाला, आता चैन आहे तुझी! 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून 2023 साली रस्त्यावरून उतरली, कुर्ल्याच्या भंगारात पत्राच पत्रा. गेलो. कुर्ल्यात जन्मली, कुर्ल्यातच कापली गेली. पण मुंबईच्या टॅक्सीचा डावा मडगार्ड म्हणजे फूटपाथ, हातगाडी आणि बस यांनी मिळून घडवलेला असतो. वरून चकचकीत काळा, आत लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थरावर थर. तिथे पत्रा किती आणि लांबी किती हे टॅक्सीवाल्यालाही सांगता येत नाही.

ते ओळखायला मी खिशात लोहचुंबक बाळगतो. जुन्या स्पीकरचा, फडक्यात गुंडाळलेला, रंगाला ओरखडा नको म्हणून. पत्र्याला तो 'टप्' करून चिकटतो. लांबी भरली असेल तिथे नुसता घसरतो. शिवाय मडगार्डच्या आतून हात फिरवायचा. कारखान्याच्या दाबयंत्राखालून निघालेला पत्रा आतून गुळगुळीत लागतो आणि सांध्यावर वेल्डिंगच्या बारीक गोल खळ्या सारख्या अंतरावर येतात. हातोडीचं काम असेल तर बोटाला उंचवटे कळतात. ही विद्या चांगली आहे, पण वेळकाळ पाहून वापरावी. हुमनाबादेत एका लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून झेंडूच्या माळा घातलेली पांढरी पद्मिनी उभी होती. वरात निघायला अवकाश होता. मी चुंबक काढला. दारावर घसरला, मागच्या मडगार्डवर घसरला, बॉनेटवर टाकला तर सरळ खाली पडला. मान वर केली तर वरपिता समोर.

"हे काय करलालाव?"

"पत्रा बघत होतो. सगळी लांबी आहे हो."

हे वाक्य वधूपक्षानेही ऐकलं. गाडी वरपित्याने 'एकदम कंडिशन' म्हणून आणली होती. आमचं ताट वाढलेलं होतं, पण आम्ही घरी येऊन जेवलो.

इंग्लंडात हे सोपं आहे म्हणे. तिथल्या 'ब्रिटिश मोटर हेरिटेज'ने जुने साचे जपून ठेवले आणि 1988 पासून एमजीबीची अख्खी बॉडी नवी करून विकायला काढली. पैसे टाका, गाडी घ्या. यात शोध कसला आलाय! ओळखी होत नाहीत, चहा नाही, लग्नातून उठावं लागत नाही.

आणि अखेर मडगार्ड सापडला. चिटगुप्प्याच्या वाटेवर एका वस्तीला, आडवा टाकलेला, दोन दगडांवर टेकवलेला, मागून बोरीच्या फांद्या लावून बंद केलेला. आत कोंबड्या. हेडलाइटच्या भोकातून एक तांबडी कोंबडी मान काढून माझ्याकडे बघत होती. मी चुंबक लावला. टप्. खालून हात घातला, कोंबडीने टोचलं, पण पत्रा गुळगुळीत. डावाच होता.

वस्तीवरच्या म्हातारीला म्हणालो, "आजी, याच्याबदल्यात नवीन पत्र्याचं खुराडं करून देतो. वर शे-दोनशे रुपये."

"काऊन?"

इथे मी खरं बोललो. "आजी, हा ओरिजनल आहे."

म्हातारीने खुराड्याकडे नव्याने पाहिलं. "ओरिजनल हाय तर देऊ कशाला?"

त्यानंतर तिचा हैदराबादला कंप्युटरवर काम करणारा नातू मधे पडला. त्याने फोनवर काहीतरी पाहिलं आणि भाव दोनशेवरून वीस हजारांवर नेला. मी तोही मान्य केला, तर म्हातारी अडून बसली. त्या भोकातून कोंबड्यांना कुत्रं आलेलं दिसतं, नव्या घरात त्या अंडी घालायच्या थांबल्या तर? मी म्हटलं, नव्यालाही भोक पाडून देतो. ती म्हणाली, "तुमचं भोक कंपनीचं हाय का?"

बोलणी चालू आहेत. तोवर वाचकांपैकी कुणाच्या परड्यात, गोठ्यात किंवा मोरीवर फियाट डिलाइटचा पुढचा डावा मडगार्ड असेल तर कळवावं. गंज चालेल, लांबी चालणार नाही. वापरात असेल तर सध्याच्या भाडेकरूंची सोय स्वखर्चाने करून देईन, भोकासकट.